शामोनीत जुलैमध्ये पाच-सहा दिवस मुक्काम: काय बघावं, काय टाळावं?

सुमेधा_ठाणे

नमस्कार मंडळी.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात जिनिव्हाला दिराकडे जातोय. तिथून फ्रान्समधल्या शामोनीला जायचं घाटतंय. मी, नवरा, लेक (वय ११) आणि सासूबाई (वय ६९, बीपीची गोळी चालू, पण गुडघे ठणठणीत, रोज तलावपाळीला फेऱ्या मारतात). नवरा सह्याद्रीत भटकणारा, त्यामुळे त्याला 'खरा ट्रेक' हवाय. लेकीला बर्फ हवाय. सासूबाईंना माँ ब्लाँ डोळे भरून बघायचाय. मला कुणाचीही भांडणं नकोत.

दोन टूरवाल्यांना विचारलं तर दोघांनी एकच पुडी सोडली: सकाळी जिनिव्हाहून बस, मग केबल कार, मग हिमनदीची रेल्वे, संध्याकाळी परत. एवढ्या लांब जाऊन घड्याळाकडे बघत फिरायचं जिवावर येतं. म्हणून तिथेच मुक्काम ठोकायचा विचार आहे. राहायचं कुठे, गाडी लागते का, सासूबाईंना केबल कार झेपेल का आणि शाकाहारी माणसाचं पोट भरतं का? दीर नुकताच बदलून गेलाय, त्यालाही काही ठाऊक नाही. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

लेमानकाठी

सुमेधाताई, मुक्काम करताय हे फार बरं करताय. मी जिनिव्हात राहतो आणि आल्यागेल्या पाहुण्यांना घेऊन शामोनीच्या खेपा चालूच असतात. एका दिवसात दोन्ही उरकणारी मंडळी संध्याकाळी बसमध्ये डुलक्या खाताना दिसतात. कुठून काय पाहिलं हे त्यांना सांगता येत नाही.

आधी तिथला भूगोल समजून घ्या. तो कळला की अर्धे प्रश्न आपोआप सुटतात. शामोनी हे पन्हळीत वसलेलं गाव आहे. हिमनद्यांनी तासलेली ही पन्हळ ईशान्येकडून नैऋत्येकडे जाते आणि तिच्या तळातून आर्व्ह नदी वाहते. गावाची उंची १०३५ मीटर, म्हणजे आपल्या महाबळेश्वरपेक्षाही कमी. आग्नेयेला माँ ब्लाँची रांग, वायव्येला एग्वी रूजची. माँ ब्लाँचं शिखर ४८०८ मीटर (माथ्यावर बर्फाची टोपी असल्यामुळे मोजणीगणिक आकडा थोडा हलतो) आणि गावापासून सरळ रेषेत अंतर सुमारे १० किलोमीटर. दहा किलोमीटरात पावणेचार हजार मीटरची उठावणी! चौकात उभं राहून वर बघताना मान दुखते ती याच्यामुळे.

दोन्ही भिंतींचा स्वभाव अगदी वेगळा. माँ ब्लाँची बाजू ग्रॅनाइटची, उंच, उन्हाकडे पाठ केलेली. हिमनद्या लोंबतात त्या सगळ्या तिकडे. एग्वी रूज म्हणजे लोहामुळे तांबूस दिसणारा, 'नाइस' नावाचा खडक. तिचं सर्वात उंच टोकही तीन हजारांच्या आत, तोंड दक्षिणेकडे, दिवसभर ऊन. गवताळ उतार, तळी आणि पायवाटा तिकडे जास्त.

यातून माझा एक हट्टाचा सल्ला: माँ ब्लाँ बघायचा असेल तर माँ ब्लाँच्या अंगावर चढू नका, समोरच्या भिंतीवर जा. एग्वी द्यु मिदीला (टूरवाल्यांची केबल कार जाते तो सुळका) जरूर जा, पण ती या सहलीतली एक दुपार किंवा एक सकाळ. उरलेले दिवस ब्रेव्हाँ, फ्लेझेर (दोन्हीकडे पाळण्याने जाता येतं) आणि लाक ब्लाँचं तळं या बाजूला घालवा. तिथून अख्खी रांग डावीकडून उजवीकडे वाचता येते: एग्वी व्हर्त, द्रू, मेर द ग्लास या हिमनदीची दरी, मिदीची सुई, मग माँ ब्लाँचा घुमट आणि त्यावरून थेट रानापर्यंत ओघळणारी बोसाँची हिमनदी.

गाडी मुळीच नको. जिनिव्हा विमानतळावरून बस साधारण दीड तासात सोडते. खोऱ्यात छोटी रेल्वे आहे, ती लेझूश, शामोनी, ले प्रा, आर्जाँतिएर करत व्हालोरसीनला आणि पुढे स्वित्झर्लंडात जाते. मुक्कामाच्या ठिकाणी पाहुण्यांचं कार्ड मिळतं, त्यावर खोऱ्यातल्या बस आणि सेर्व्होझ ते व्हालोरसीनपर्यंतची रेल्वे फुकट. ते मागून घ्या, काही घरमालक विसरतात.

धाकोबा_भटका

वाचनखूण साठवली.

पण मला एक सांगा, केबल कारने दोन हजार मीटरवर जायचं आणि मग दोन तास चालायचं, याला ट्रेक म्हणायचं? सुमेधाताईंच्या यजमानांच्या वतीने विचारतोय. :)

लेमानकाठी

यजमानांना कुणी अडवलंय? गावातून पायी लाक ब्लाँ म्हणजे १३०० मीटरहून जास्त चढ आणि तेवढीच उतरण. करा की! मिरवायचंच असेल तर खोऱ्यात रोज संध्याकाळी असे पुष्कळ लोक लंगडताना दिसतात.

सांदणवाट

धाकोबा, मी तुमच्यासारखाच विचार करून गेलो होतो, म्हणून सविस्तर लिहितो. आम्ही माँ ब्लाँची परिक्रमा केली (सुमारे १७० किलोमीटर, चढ एकूण दहा हजार मीटरच्या घरात, वाटेत फ्रान्स, इटली आणि स्वित्झर्लंड). तिच्यातला शामोनीच्या डोक्यावरचा टप्पा मला सर्वात आवडला आणि तो एका दिवसात सुटा करता येतो.

सुमेधाताई, तुमच्या चौघांसाठी सुचवतो. यजमानांनी पहाटेच्या रेल्वेने किंवा बसने आर्जाँतिएरच्या पुढे त्रे-ल-शाँ गाठायचं (१४०० मीटरच्या थोडं वर). तिथून परिक्रमेची वाट एग्वियेत दार्जाँतिएर नावाच्या सुळक्याशेजारून चढते. तिथे कड्याला लोखंडी शिड्या, गज आणि कठडे ठोकलेत. सलग शिड्या आहेत, काही जवळजवळ उभ्या. आपल्याकडे रतनगड किंवा हरिश्चंद्रगडाच्या नळीच्या वाटेला सरावलेल्या माणसाला अवघड नाही, पण खाली दरी उघडी आहे आणि ओल्या गजांवर बूट सरकतो. पाऊस असेल तर शेजारच्या कोल दे माँते खिंडीतून शिड्यांशिवायची वाट आहे, ती घ्यावी. वर आलं की शेझेरीची तळी आणि मग लाक ब्लाँ, २३५२ मीटर.

तुम्ही तिघींनी ले प्रामधून फ्लेझेरची गोंडोला घ्यायची (वरचं स्टेशन १८७७ मीटर). सासूबाईंनी तिथल्या गच्चीत बसावं, समोर थेट मेर द ग्लास आणि द्रूचा सुळका. तुम्ही आणि लेक फ्लेझेरहून लाक ब्लाँला चालत या, चढ पावणेपाचशे मीटरचा, दीड-दोन तास धरा. किंवा अजून एक पाळणा घेऊन इंदेक्सला (२३८५) जा, तिथून वाट जवळजवळ सपाट आहे. मध्ये एका खडकाळ जागी साखळी धरून उतरावं लागतं, अकरा वर्षांच्या मुलीला तीच मजा. यजमानांची गाठ तळ्यावर.

तीन गोष्टी लक्षात ठेवा. एक, त्या उंचीवर जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात वाटेवर जुन्या बर्फाचे पट्टे असतात. सकाळी ते काचेसारखे कडक असतात, तिथे लेकीचा हात सोडू नका. दोन, जुलै-ऑगस्टमध्ये दुपारनंतर गडगडाट करत वादळ येतं, म्हणून दोनच्या आत उतरायला लागा. तीन, शेवटच्या पाळण्याची वेळ सकाळीच बघून ठेवा. ती चुकली की रानातून अंधारात उतरा, दुसरा उपाय नाही.

धाकोबा_भटका

शिड्या म्हणालात तिथेच विकलो गेलो. शब्द मागे.

परिक्रमेबद्दल वेगळा धागा काढा ना. मुक्कामाच्या झोपड्या, बुकिंग वगैरे.

सांदणवाट

काढतो. तूर्त एवढंच की झोपड्यांचं बुकिंग हिवाळ्यात करून टाकायचं. उन्हाळ्यात ऐन वेळी दार ठोठावणाऱ्याला पुढच्या गावी धाडतात. आणि ऑगस्टच्या शेवटी त्याच वाटेवर मोठी पर्वतीय धावशर्यत असते (२००३ पासून). तेव्हा खोऱ्यात जागाच नसते.

डॉ_मंजिरी

सासूबाईंच्या प्रश्नाला कुणी हात घातला नाही म्हणून लिहिते. मी हृदयरोगतज्ज्ञ नाही, फिजिशियन आहे. हे सर्वसाधारण समजा आणि त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांना विचारूनच ठरवा.

एग्वी द्यु मिदीची केबल कार तुम्हाला १०३५ वरून ३७७७ मीटरवर नेते, मध्ये २३१७ मीटरवर गाडी बदलायची, आणि प्रत्यक्ष प्रवास वीसेक मिनिटांचा. शरीराला जुळवून घ्यायला वेळच मिळत नाही. वर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशांहूनही थोडा कमी. बीपी आटोक्यात असलेल्या बहुतेकांना तास-दीड तास काही होत नाही, पण डोकं जड होणं आणि जिना चढताना धाप लागणं हे अगदी धडधाकट तरुणांनाही होतं. खरा घोळ जिन्यांवर होतो. फोटोच्या गडबडीत माणसं दोन-दोन पायऱ्या चढतात आणि मग भिंत धरून बसतात.

म्हणून पहिल्याच दिवशी मिदी नको. आधी एक दिवस प्लाँप्रा (२०००) आणि ब्रेव्हाँ (२५२५) करा. त्या दिवशी त्यांना कसं वाटतं ते बघा, मग ठरवा. वर गेल्यावर चाल निम्मी करायची, पाणी पीत राहायचं. छातीत दुखणं, अस्वस्थ वाटणं, चक्कर यांपैकी काहीही झालं की 'जरा बसते, बरं वाटेल' नाही, पुढच्या गाडीने खाली. छातीत दुखत असेल तर तिथल्या कर्मचाऱ्यांना लगेच सांगा. हृदयविकार असेल किंवा अलीकडेच शस्त्रक्रिया झाली असेल तर जाऊच नये. बाळांना घेऊन जाणारे आईबाप दिसतात, ते तर कृपा करून नकोच.

आणि कपडे! वर गावापेक्षा सहज अठरा-वीस अंशांनी थंड असतं, वारा वेगळा. खाली चपला घालून आइस्क्रीम खाल्लेली माणसं वर कुडकुडतात.

सुमेधा_ठाणे

मंजिरीताई, मनापासून धन्यवाद. सासूबाईंना वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, "वर जाऊन चक्कर आली तर निदान माँ ब्लाँवर आली म्हणून सांगता येईल." आता काय बोलणार.

खवचट_काका

सगळं छान, पण कुणी वाईट बाजू सांगणार की नाही? जुलैत शामोनीच्या मुख्य रस्त्यावर आपल्या लक्ष्मी रोडइतकी गर्दी. मिदीच्या रांगेत उभं राहून राहून पाय मोडतात. बोगद्याकडे जाणाऱ्या ट्रकांची धडधड गावापर्यंत ऐकू येते. त्यापेक्षा स्वित्झर्लंडात लाउटरब्रुनेनला जा. धबधबे, गायींच्या घंटा, वरच्या गावांत गाड्यांना बंदी. पैसे जास्त जातील, पण डोकं शांत राहील.

लेमानकाठी

काका, ट्रकांचं अगदी खरं. शामोनीचं खोरं इटलीकडे जाणारा रस्ता आहे. माँ ब्लाँच्या पोटातून जाणारा ११.६ किलोमीटरचा बोगदा १९६५ मध्ये उघडला. २४ मार्च १९९९ ला त्यात एका ट्रकला आग लागून ३९ माणसं गेली, बोगदा तीन वर्षं बंद होता. तेव्हा ट्रक थांबल्यावर खोऱ्यातल्या लोकांनी मोकळा श्वास घेतला आणि पुन्हा सुरू करायच्या वेळी रस्त्यावर उतरून विरोध केला. हिवाळ्यात थंड हवा तळाशी बसते, वर उबदार हवेचं झाकण पडतं आणि ट्रक, घरोघरची लाकडाची शेकोटी, कारखाने यांचा धूर अडकून राहतो. याचा सर्वाधिक त्रास शामोनीच्या खालच्या अंगाला, पासीकडे होतो. जुलैत तो प्रश्न जाणवत नाही.

गर्दीवर उपाय सोपा आहे: मुक्काम भर गावात न करता ले प्रा किंवा आर्जाँतिएरला करा. ले प्रामधून फ्लेझेर पायाशी, गाव दोन-तीन किलोमीटरवर, नदीकाठच्या रानातून सपाट वाट. सासूबाईंच्या फेऱ्या तिथे होतील.

लाउटरब्रुनेन सुंदरच आहे, वाद नाही. पण तिथे डोंगराचा पडदा जरा लांब वाटतो, मला तरी. शामोनीत तो अंगावर येतो.

खवचट_काका

अंगावर येतो हे मात्र शब्दशः! १९९९ च्याच फेब्रुवारीत याच खोऱ्यातल्या माँत्रोकला हिमस्खलनात बारा माणसं गेली. घरंच्या घरं.

सांदणवाट

हो, ९ फेब्रुवारी. पण ते ऐन हिवाळ्यातलं, प्रचंड हिमवर्षावानंतरचं. जुलैतल्या कुटुंबाला धोका वेगळा: बर्फाच्या पट्ट्यावर घसरणं, वीज, उन्हाने सैल होऊन सुटणारे दगड. आजकाल कडक उन्हाळ्यात वरच्या कड्यांतला शतकानुशतकं गोठलेला बर्फ वितळतो आणि खडकांची सांधेजोड निसटते. द्रूचा बोनात्ती खांब म्हणून ओळखला जाणारा अख्खा कडा २००५ मध्ये कोसळला. फ्लेझेरवरून पाहिलंत तर त्या जागी फिकट रंगाचा ताजा खडक अजून दिसतो. शिखराकडे जाणाऱ्या नेहमीच्या वाटेवर गूते घळ म्हणून जागा आहे, तिथे दगडांचा मारा ठरलेला. पण तुम्ही पायवाटांवर राहणार, तेव्हा हे नुसतं माहितीसाठी.

मदतीचा नंबर ११२. तिथे डोंगरी बचावासाठी पोलिसांचं खास पथक आहे, हेलिकॉप्टरने येतं. बचावाचं बिल सहसा लागत नाही, पण पुढचं हॉस्पिटल तुमच्या खिशातून, म्हणून विमा नीट वाचून घ्या.

माहीमकर

धागा शामोनीचा आहे आणि अजून कुणी एअर इंडियाचा विषय काढला नाही याचं नवल वाटलं.

२४ जानेवारी १९६६, सकाळ. मुंबईहून दिल्ली, बैरुत करत लंडनकडे निघालेलं 'कांचनजंगा' हे बोइंग ७०७ जिनिव्हाला उतरायच्या तयारीत माँ ब्लाँवर आदळलं. ११७ जण गेले, त्यांत होमी भाभा. व्हिएन्नाला आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या कामासाठी निघाले होते. घातपाताच्या कथा व्हॉट्सॲपवर दर जानेवारीत फिरतात. चौकशीत निघालं ते साधं आणि म्हणूनच जास्त चटका लावणारं: विमानातलं दिशादर्शनाचं एक उपकरण बंद होतं, खालच्या नियंत्रकाने रडारवर बघून विमान डोंगराच्या संदर्भात कुठे आहे ते सांगितलं आणि वैमानिकाचा समज झाला की आपण माँ ब्लाँ ओलांडलाय.

त्याआधी ३ नोव्हेंबर १९५० ला 'मलबार प्रिन्सेस' हे एअर इंडियाचंच विमान जवळपास त्याच भागात आदळलं होतं. तेही मुंबईहून निघालेलं. ४८ जण. शोधपथकातला शामोनीचा एक गाइड हिमभेगेत पडून गेला.

दोन्ही विमानांचे अवशेष बोसाँची हिमनदी हळूहळू खाली आणून सोडते. २०१२ मध्ये भारतीय परराष्ट्र खात्याची टपालाची थैली सापडली. २०१३ मध्ये एका गिर्यारोहकाला पाचू, नीलम, माणकं भरलेली डबी सापडली. त्याने ती सरळ पोलिसांत दिली. वारस मिळाले नाहीत, तेव्हा २०२१ मध्ये तो आणि शामोनी नगरपालिका यांनी दोन सारखे वाटे करून घेतले. २०२० मध्ये तर १९६६ ची भारतीय वर्तमानपत्रं वितळत्या बर्फातून वर आली, इंदिरा गांधींच्या निवडीच्या बातमीसकट. वाळवून वाचण्याजोगी होती.

बोसाँच्या खालच्या टोकाकडे पायवाट जाते. सासूबाईंच्या पिढीला भाभांची बातमी आठवत असेल, त्यांना तिथे नक्की न्या.

सुमेधा_ठाणे

त्यांना आठवतेय. म्हणाल्या, शाळेत होते, बातमी कळल्यावर बाईंनी वर्गात उभं केलं होतं. बोसाँ यादीत.

गुळाचीपोळी

हिमनदीचा विषय निघालाय तर माँताँव्हेरच्या रेल्वेबद्दल लिहिते. दातेरी रुळाची गाडी, १९०९ पासून चालू, पाचेक किलोमीटर, वर १९१३ मीटर. स्टेशन गावातल्या मुख्य स्टेशनच्या पाठीमागे, पूल ओलांडून.

आधीच सांगते, पोस्टकार्डावरचा पांढराशुभ्र बर्फाचा समुद्र डोक्यात घेऊन जाल तर हिरमोड होईल. मेर द ग्लास ही फ्रान्सची सर्वात मोठी हिमनदी, पण तुमच्या पायाशी असलेला तिचा भाग दगडगोट्यांनी झाकलेला, करडा, खाणीसारखा दिसतो. बर्फ बघायचा तर मान वर करून दूर पाहा.

तरी जा, कारण दुसरं काहीतरी दिसतं. जुन्या पाळण्यातून उतरून बर्फातल्या गुहेकडे जाताना पायऱ्या लागायच्या, पाचशेच्या वर, आणि वाटेत कड्यावर पाट्या: हिमनदी या साली इथवर होती. १९९० ची पाटी गेली की वाटतं आता आलंच. नाही. पुढे कितीतरी वळणं उतरल्यावर पुढची पाटी, आणि बर्फ अजून खालीच. माझ्या शेजारून एक आजोबा जात होते, ते प्रत्येक पाटीपाशी थांबून वर वळून बघत होते. बर्फ इतका मागे हटला की २०२४ मध्ये नवा पाळणा दरीत आणखी वरच्या बाजूला बांधावा लागला, तेव्हा आता पायऱ्यांचा तो त्रास उरलेला नाही. सासूबाईंना सोपं पडेल.

इतिहासाचे_पान

आणि गंमत म्हणजे याच खोऱ्यातल्या लोकांची जुनी तक्रार नेमकी उलटी होती. सतराव्या शतकात हिमनद्या वाढत वाढत वस्तीवर आल्या, मेर द ग्लासचं टोक ले ब्वा या पाड्याला भिडलं, शेतं गिळली. १६४४ मध्ये बिशपला बोलावून हिमनदीपुढे प्रार्थना करवून घेतली, मागे जा म्हणून.

डोंगराची भीती जाऊन हौस सुरू झाली ती अठराव्या शतकात. १७४१ मध्ये इंग्रज प्रवासी आले, त्यांच्या वर्णनांनी युरोपला या खोऱ्याचं वेड लागलं. १७६० मध्ये जिनिव्हाच्या सोस्यूर या निसर्गअभ्यासकाने शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस लावलं. ८ ऑगस्ट १७८६ ला गावचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधणारा बालमा माथ्यावर पोचले. पुढे श्रेय जवळजवळ सगळं बालमाला. चौकात १८८७ पासून जो पुतळा आहे तो बालमा आणि सोस्यूरचा. पाकारचा पुतळा बसायला १९८६ उजाडलं. १८०८ मध्ये गावातलीच मारी पारादी ही शिखरावर पोचलेली पहिली बाई.

१८२० मध्ये हिमस्खलनात तीन गाइड गेले आणि पुढच्याच वर्षी गाइडांनी आपली मंडळी स्थापन केली: काम पाळीने वाटून घ्यायचं, अपघात झाला तर घरच्यांना आधार द्यायचा. ती अजून चालू आहे. आणि १९२४ ची पहिली हिवाळी ऑलिंपिक स्पर्धा इथेच झाली.

अवांतर: १८६० मध्ये लुई पाश्चर मेर द ग्लासपाशी काचेचे वीस चंबू घेऊन चढला होता. इतक्या उंचावरच्या हवेत जंतू कमी असतात हे दाखवायला चंबू तिथे फोडून पुन्हा बंद केले. वीसपैकी एकच नासला.

लेमानकाठी

पानसाहेब, पाश्चरचं माहीत नव्हतं, मजा आली.

सुमेधाताई, आमच्या जिनिव्हातही या हिमनद्या दिसतात बरं का. आर्व्ह तिथे रोन नदीला मिळते. रोन तलावातून निवळून आलेली निळी, आर्व्ह हिमनदीने दळलेल्या खडकाच्या पिठामुळे राखाडी. संगमावरच्या पुलावरून दोन्ही रंग बराच वेळ शेजारी-शेजारी वाहताना दिसतात. दिराला सांगा, सुट्टीच्या दिवशी घेऊन जाईल.

गुळाचीपोळी

जेवणाचं राहिलं! ओटा असलेली जागाच भाड्याने घ्या. सुपरमार्केटात डाळ, तांदूळ, भाज्या सगळं मिळतं. मसाल्याचा डबा तेवढा न्या.

बाहेर खाताना एक सावध करते. तिथला खास पदार्थ तार्तिफ्लेत: बटाटे, कांदा, वरून रब्लोशाँ चीज भाजलेलं. नाव ऐकून शाकाहारी वाटतो, पण त्यात डुकराच्या मांसाचे बारीक तुकडे असतात, 'लार्दों' म्हणतात. 'साँ लार्दों' म्हणजे त्याशिवाय, असं सांगा. आधीच मिसळून ठेवलेला असेल तर ते नाही म्हणतील. राक्लेतबरोबर (वितळवलेलं चीज) मांसाच्या चकत्यांची ताटली येते, ती नको म्हणून सांगा. कडक पाळणाऱ्यांसाठी: या पारंपरिक चीजमध्ये वासराच्या जठरातलं विरजण वापरतात. सासूबाईंना चालणार नसेल तर कुट्टूच्या पिठाचं जाड धिरडं मिळतं, मशरूम-भाजी घालून, त्यातलं चीज वगळायला सांगा. आणि ब्लूबेरीची तार्त खाल्ल्याशिवाय परत येऊ नका.

सुमेधा_ठाणे

तुम्ही सगळ्यांनी मिळून माझं काम करून टाकलंत. ले प्रामध्ये ओटावाली जागा बघितली. कच्चा आराखडा: पहिल्या दिवशी आराम आणि नदीकाठ. मग ब्रेव्हाँ. मग फ्लेझेर आणि लाक ब्लाँ, नवरा शिड्यांनी. मग माँताँव्हेर. मग बोसाँ. मिदी कुठे बसवू? आणि तिकीट इथूनच काढून ठेवू का? टूरवाला म्हणतो आत्ताच काढा, नाहीतर मिळणार नाही.

लेमानकाठी

मिदीसाठी दिवस बांधून ठेवू नका, तिथेच सगळ्यांचं चुकतं. ठरलेल्या तारखेला ढग असले तर माथ्यावरच्या गच्चीत (३८४२ मीटर) पांढऱ्या भिंतीकडे बघत उभं राहायला पैसे मोजल्यासारखं होतं, आणि वारा जोरात असला तर केबल कार बंदच. शेवटचे तीन दिवस लवचीक ठेवा. रोज संध्याकाळी हवामानाचा अंदाज आणि शिखरावरचा कॅमेरा इंटरनेटवर बघा आणि स्वच्छ दिसलं की दुसऱ्या सकाळची शक्य तितकी लवकरची वेळ आरक्षित करा. तीन-चार दिवस पाळणे वापरणार असाल तर सगळ्यांचा मिळून एकच पास स्वस्त पडतो, तो घेतल्यावरही मिदीची वेळ वेगळी आरक्षित करावी लागते.

वर गेल्यावर लेकीला आधी बर्फाच्या बोगद्यापाशी न्या. तिथून गिर्यारोहक दोर बांधून, बुटांना खिळे लावून अरुंद धारेवर उतरतात. फाटकापलीकडे आपण जायचं नाही, पण त्यांची गाठ मारण्याची, एकमेकांची गाठ ओढून तपासण्याची गडबड हातभर अंतरावरून बघता येते. कड्याबाहेर काढलेल्या काचेच्या खोलीसाठी रांग असते. ती नंतर, वेळ उरला तर.

सांदणवाट

एक भर. ब्रेव्हाँला सकाळी गेलात तर सूर्य माँ ब्लाँच्या मागून येतो, डोंगर काळपट आणि फोटो फसतात. उजेड त्या भिंतीवर दुपारनंतर पडतो. ब्रेव्हाँच्या दिवशी चालायचं नाहीये, तेव्हा आकाश स्वच्छ असेल तर तीनच्या सुमारास वर जा आणि शेवटच्या पाळण्याआधी उतरा. लाक ब्लाँ मात्र सकाळीच.

सुमेधा_ठाणे

म्हणजे ब्रेव्हाँच्या दिवशी सकाळी स्वयंपाक, दुपारी डोंगर. हे सासूबाईंना पटलं. शेवटचा प्रश्न: नवरा विचारतोय, चालायच्या काठ्या इथून न्याव्यात का तिथे भाड्याने मिळतील?

सांदणवाट

गावात खेळसामानाच्या दुकानांत भाड्याने मिळतात. शिड्यांच्या वाटेवर त्या सॅकला बांधून ठेवायला सांगा, दोन्ही हात मोकळे हवेत.